लिनक्समध्ये यूएसबी उपकरण चालतं करताना: केबलपासून पॅचपर्यंत

बाजारात सतत नवी यूएसबी उपकरणं येत असतात. लिनक्सच्या कर्नलवर, म्हणजे हार्डवेअर सांभाळणाऱ्या गाभ्यावर, काम करणाऱ्यांच्या हाती त्यातली फार थोडी पडतात. त्यामुळे एखादं उपकरण विचित्र वागायला लागलं, की त्याच्या आत नेमकं काय चाललंय हे पाहता येतं ते फक्त ज्याच्या टेबलावर ते आहे त्याला. यूएसबीचा सपोर्ट सुधारायचं काम नवख्या माणसाला जमण्यासारखं आहे ते याच कारणाने. सी भाषा थोडीफार वाचता आली की भागतं. पुष्कळदा शेवटी बदलते ती एकच ओळ; असा बदल पाठवायच्या स्वरूपात मांडला की त्याला पॅच म्हणतात. ती कुठली, कुठल्या फाईलमध्ये आणि कशासाठी, हे शोधण्यातच बहुतेक वेळ जातो. म्हणून इथे कोड लिहिण्यापेक्षा नीट पाहण्यावर जास्त जागा खर्च केली आहे.

कमांड आणि फाईलींची नावं या लेखात उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

आधी केबल बदला

टर्मिनल उघडा, डीमेसेज ही कमांड डॅश डब्ल्यू लावून चालू ठेवा आणि मग उपकरण जोडा. कर्नल काय म्हणतोय ते समोर उमटत जाईल. सगळं ठीक असेल तर पहिल्या ओळीत वेग दिसतो: लो-स्पीड म्हणजे सेकंदाला १.५ मेगाबिट, फुल-स्पीड म्हणजे १२, हाय-स्पीड म्हणजे ४८० आणि सुपरस्पीड म्हणजे ५ गिगाबिटपासून पुढे. त्याखाली व्हेंडर आयडी (कंपनीचा क्रमांक), प्रॉडक्ट आयडी (उत्पादनाचा क्रमांक) आणि बनवणाऱ्याने दिलेलं नाव येतं.

वेगाची ती ओळ दुर्लक्षून पुढे जाऊ नका. यूएसबी ३ची बाहेरची डिस्क हाय-स्पीड म्हणून जोडली गेली असेल, तर ड्रायव्हरला, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या कोडला, दोष देण्यात अर्थ नाही. बहुधा केबलमध्ये यूएसबी ३च्या तारा नाहीत, किंवा मधला हब जुना आहे.

बिघाड असेल तर ओळीच्या शेवटी उणे चिन्ह लावलेला एक आकडा दिसतो. चार आकडे लक्षात ठेवले तरी बरंच काम भागतं. उणे ७१ म्हणजे प्रोटोकॉलमधली चूक, तारेवरून आलेले बिट समजण्याजोगे नव्हते. याचं कारण बहुतेक वेळा केबल, कनेक्टर किंवा अपुरी वीज हेच असतं. उणे ११० म्हणजे वाट पाहून वेळ संपली, उपकरणाने उत्तरच दिलं नाही. उणे ३२ म्हणजे उपकरणाने विनंती नाकारली; यूएसबीच्या भाषेत त्याला स्टॉल म्हणतात. यात दर वेळी बिघाड असतोच असं नाही, कारण ‘ही विनंती मला कळत नाही’ हे सांगायचा तोच रीतसर मार्ग आहे. उणे २८ दिसला की बसवर, म्हणजे उपकरणांच्या सामायिक वाटेवर, तेवढी बँडविड्थ शिल्लक नाही असं समजा. एकाच हबवर दोन वेबकॅम लावणाऱ्यांना हा आकडा हमखास भेटतो.

विजेचंही बघा. यूएसबी २चं पोर्ट प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३चं ९००. आपल्याला किती वीज लागेल हे उपकरण स्वतः जाहीर करतं, पण फिरती डिस्क सुरू होताना क्षणभर त्याहून जास्त ओढू शकते. तेव्हा दुसरी केबल, दुसरं पोर्ट, हबशिवाय थेट जोडणी आणि जमल्यास दुसरं मशीन, एवढं करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण तुम्ही पुढे कुणालाही लिहिलंत की पहिला प्रश्न हाच येणार आहे, आणि त्याचं उत्तर तयार असलेल्या माणसाचं बोलणं लोक लक्ष देऊन ऐकतात.

आणखी एक गोष्ट आत्ताच नोंदवून ठेवा: हे उपकरण याआधीच्या एखाद्या कर्नलवर चालत होतं का? चालत असेल तर प्रश्नाचं स्वरूपच बदलतं. त्याबद्दल शेवटी.

उपकरण स्वतःबद्दल काय सांगतं

प्रत्येक यूएसबी उपकरण जोडल्या जोडल्या आपली ओळख देतं. या ओळखपत्रांना डिस्क्रिप्टर म्हणतात. सगळ्यात वरचा डिव्हाइस डिस्क्रिप्टर फक्त १८ बाइटचा असतो, आणि व्हेंडर आयडी व प्रॉडक्ट आयडी त्यातच असतात. दोन्ही १६ बिटांचे, म्हणजे प्रत्येकी चार हेक्साडेसिमल अंक. त्याखाली कॉन्फिगरेशन (उपकरणाची एक मांडणी), त्याखाली इंटरफेस (त्यातलं एकेक काम), आणि त्याखाली एंडपॉइंट (डेटा ये-जा करायची एकेक वाट).

नवख्यांनी सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो इंटरफेसला. लिनक्समध्ये ड्रायव्हर अख्ख्या उपकरणाला चिकटत नाही, एकेका इंटरफेसला चिकटतो. माइक असलेला वेबकॅम म्हणजे व्हिडिओचे आणि ऑडिओचे वेगवेगळे इंटरफेस, आणि ते दोन वेगळे ड्रायव्हर सांभाळतात. म्हणून ‘वेबकॅम चालत नाही’ असं म्हणण्याऐवजी ‘व्हिडिओचा इंटरफेस चालतो, ऑडिओच्या इंटरफेसला ड्रायव्हरच लागत नाही’ असं म्हणता आलं, की अर्धं उत्तर तिथेच हातात येतं.

एलएसयूएसबी ही कमांड डॅश टी लावून चालवा. सगळ्या बस, हब आणि उपकरणं झाडासारखी दिसतील आणि प्रत्येक इंटरफेससमोर ड्रायव्हरचं नाव असेल. ते रिकामं असेल, तर त्या इंटरफेसला कुणीच हात लावलेला नाही. मग तीच कमांड डॅश व्ही आणि डॅश डी लावून, पुढे आपल्या उपकरणाचा आयडी देऊन, सुपरयूजर म्हणून चालवा. सगळे डिस्क्रिप्टर उलगडतील. हे आउटपुट फाईलमध्ये साठवून ठेवा, पुढे प्रत्येक पायरीवर लागेल.

त्यात इंटरफेसचा वर्ग बघा. ०३ म्हणजे कीबोर्ड-माउसच्या जातीची उपकरणं, ०८ म्हणजे स्टोरेज, ०१ ऑडिओ, ०ई व्हिडिओ, ०७ प्रिंटर. हे वर्ग प्रमाणित आहेत. प्रमाण पाळणारं उपकरण त्याचा आयडी कर्नलला माहीत नसला तरी चालतं. लिनक्सवर बहुतेक उपकरणं काहीही न करता चालतात ती यामुळेच. वर्ग एफएफ दिसला तर मात्र थांबा. तो ‘व्हेंडर-स्पेसिफिक’ वर्ग आहे: आतली भाषा बनवणाऱ्याची स्वतःची, आणि आयडीवरून ओळखल्याशिवाय कुठलाही ड्रायव्हर पुढे येणार नाही.

नेमकं अडलंय कुठे

आता चार शक्यता उरतात आणि प्रत्येकीची वाट वेगळी आहे.

उपकरणाची ओळखच पूर्ण होत नसेल, म्हणजे एलएसयूएसबीमध्ये ते दिसतच नसेल, तर दोष तारेत, उपकरणाच्या फर्मवेअरमध्ये (त्याच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) किंवा क्वचित होस्ट कंट्रोलरच्या (मशीनमधली यूएसबी पोर्ट चालवणाऱ्या चिपच्या) ड्रायव्हरमध्ये. ते दिसतं पण ड्रायव्हर लागत नाही, तर बहुधा आयडी जोडायचा आहे. ड्रायव्हर लागतो पण वागणूक बिघडलेली आहे, तर क्वर्क लागेल (तो काय ते पुढे). आणि कर्नलच्या बाजूने सगळं ठीक असूनही प्रोग्रॅमला उपकरण उघडता येत नसेल, तर प्रश्न परवानगीचा किंवा मध्येच कुणीतरी ते बळकावल्याचा.

ही चौथी शक्यता लोक हटकून विसरतात, म्हणून तिचं एक खरं उदाहरण जरा जवळून बघू. सीएच३४० ही यूएसबीवरून सिरियल पोर्ट देणारी स्वस्त चिप असंख्य मायक्रोकंट्रोलर बोर्डांवर असते. तिचा आयडी १ए८६:७५२३. कर्नलमध्ये तिच्यासाठी सीएच३४१ नावाचा ड्रायव्हर वर्षानुवर्षं आहे. तरीही उबुंटू २२.०४वर अनेकांचा बोर्ड जोडल्यावर सिरियल पोर्ट क्षणभर दिसून नाहीसा होत असे. वरवर पाहता ड्रायव्हर बिघडला असंच वाटेल. डीमेसेजमध्ये मात्र स्पष्ट लिहिलेलं असे की शून्य क्रमांकाचा इंटरफेस सीएच३४१कडे असताना बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्रॅम कॉन्फिगरेशन बदलतो आहे. हा प्रोग्रॅम अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी आहे. एका ब्रेल उपकरणात हीच चिप, हाच आयडी होता, आणि बीआरएलटीटीवायच्या युडेव नियमाने (युडेव म्हणजे उपकरण जोडल्यावर काय करायचं ते ठरवणारी लिनक्समधली व्यवस्था) तो आयडी दिसेल तिथे ताबा घ्यायला सांगितलं होतं.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, डीमेसेज शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. दोन, आयडी म्हणजे उपकरण नव्हे. एकाच चिपवर बांधलेली शेकडो वेगळी उत्पादनं एकच आयडी घेऊन फिरतात. नियम लिहिताना शक्य तिथे उत्पादनाच्या नावाची किंवा इंटरफेसच्या वर्गाचीही अट घाला, नाहीतर तुमची दुरुस्ती दुसऱ्याचा बिघाड होईल.

परवानगीचाच प्रश्न असेल तर आधी ग्रुप तपासा. सिरियल पोर्टसाठी डेबियन आणि उबुंटूवर डायलआउट, आर्चवर यूयूसीपी. स्कॅनर किंवा प्रोग्रॅमरसारख्या उपकरणासाठी युडेवचा छोटा नियम लिहून त्यात यूअॅक्सेस हा टॅग द्या, म्हणजे समोर बसलेल्या वापरकर्त्याला आपोआप परवानगी मिळते. नियमाच्या फाईलच्या नावातला क्रमांक ७३पेक्षा कमी ठेवा, नाहीतर टॅग लागेपर्यंत तो वाचणारा नियम होऊन गेलेला असतो आणि काहीच घडत नाही. अनेक जण सरळ सगळ्यांना वाचता-लिहिता येईल अशी ०६६६ परवानगी देऊन मोकळे होतात. ते करू नका. तो नियम पुढे कुणीतरी जसाच्या तसा उचलतो आणि सगळीकडे पसरतो.

कंपाइल न करता करून पाहा

कर्नल बांधायला बसण्याआधी आपला अंदाज खरा आहे का हे तपासायच्या सोयी कर्नलमध्येच आहेत.

आयडी जोडून पाहायचा असेल तर कर्नलची माहिती फाईलींच्या रूपात दाखवणाऱ्या सिस फाईलसिस्टिममध्ये त्या ड्रायव्हरच्या फोल्डरात न्यू-आयडी नावाची फाईल असते. तिच्यात व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी लिहिले, की ड्रायव्हर ते उपकरण लगेच घेतो. सिरियल ड्रायव्हरांची फाईल बस, यूएसबी-सिरियल, ड्रायव्हर्स या वाटेने सापडते. मात्र नुसता आयडी लिहिला तर ड्रायव्हर त्या उपकरणाचे सगळेच मोकळे इंटरफेस घेऊ पाहतो. हा प्रयोग आहे, उपाय नाही. रीबूट झालं की पुसला जातो, आणि ते चांगलंच आहे.

क्वर्क म्हणजे ‘या एका उपकरणाशी जरा वेगळं वागा’ अशी नोंद. यूएसबीकोअर या कर्नलच्या मूळ यूएसबी भागाला क्वर्क्स नावाचा पॅरामीटर (सेटिंग) आहे. त्यात आयडी आणि त्यापुढे एकेक अक्षर द्यायचं. के म्हणजे लिंकची वीज वाचवणारी एलपीएम ही सोय बंद. बी म्हणजे झोपेतून उठल्यावर उपकरण रीसेट करून घ्या. जी म्हणजे सुरुवातीला थोडं थांबा. हा पॅरामीटर चालू मशीनवरही बदलता येतो. बदलल्यावर उपकरण काढून पुन्हा लावायचं.

बाहेरच्या डिस्कसाठी वेगळा पॅरामीटर आहे, यूएसबी-स्टोरेजचा. आयडीपुढे यू हे अक्षर दिलं की डिस्क यूएएस सोडून जुन्या पद्धतीने चालते. यूएएसमध्ये अनेक कमांड एकदम रांगेत लावता येतात, त्यामुळे वेग मिळतो. पण काही डिस्क-केसांतल्या ब्रिज चिपना ते झेपत नाही आणि भराभर कॉपी करताना डिस्क मध्येच रीसेट होते. यू लावल्यावर रीसेट थांबले तर निदान बरोबर. तेवढ्यावर पॅच मात्र पाठवू नका. यूएएस बंद केल्याने तोच आयडी असलेल्या सगळ्यांच्या डिस्क मंदावतात. काही चिपना फक्त एखादी विशिष्ट कमांड चालत नाही, आणि तेवढीच टाळणारी वेगळी अक्षरं आहेत. ती आधी वापरून पाहा. जिथे कमीत कमी काढून घेतलं जातं तो क्वर्क चांगला.

माउसची पहिली क्लिक हरवते, साउंडकार्डचा आवाज मध्येच तुटतो, अशा तक्रारींत वीज वाचवण्यासाठी उपकरणाला झोपवणारं ऑटोसस्पेंड तपासा. उपकरणाच्या फोल्डरात पॉवर, त्यात कंट्रोल नावाची फाईल आहे. तिथे ऑटो असेल तर ऑन लिहून पाहा. कर्नल स्वतः हब सोडून बहुतेक उपकरणांना ऑटोसस्पेंड लावत नाही. टीएलपी किंवा पॉवरटॉपसारखं वीज वाचवणारं साधन ते चालू करतं. म्हणजे दुरुस्ती कर्नलमध्ये नसून त्या साधनाच्या सेटिंगमध्येही असू शकते.

तारेवरचं बोलणं ऐका

इतकं करूनही उलगडा झाला नाही तर यूएसबीमॉन हे मॉड्यूल (कर्नलला हवं तेव्हा जोडता येणारा तुकडा) लोड करा आणि वायरशार्क हा डेटाची ये-जा दाखवणारा प्रोग्रॅम उघडा. प्रत्येक बससाठी एक यूएसबीमॉन इंटरफेस दिसेल. शून्य क्रमांकाचा सगळ्या बसचं एकत्र ऐकतो. एक खबरदारी इथेच सांगतो: कीबोर्ड त्याच बसवर असेल तर त्यावर दाबलेलं प्रत्येक बटण या नोंदीत येतं. नोंद चालू असताना पासवर्ड टाकू नका, आणि फाईल कुणाला देण्याआधी आपल्या उपकरणापुरती गाळून घ्या.

बघायचं काय? प्रत्येक कंट्रोल विनंती ८ बाइटच्या सेटअप पॅकेटने सुरू होते. शेवटची यशस्वी विनंती कुठली आणि पहिली फसलेली कुठली, हे दोनच पॅकेट आधी शोधा. बाकी हजार ओळी सोडून द्या. अनेक उपकरणांचं फर्मवेअर फक्त विंडोजसमोर तपासलेलं असतं, त्यामुळे विंडोज जे कधी विचारत नाही ते लिनक्सने विचारलं की ते गडबडतं. लिनक्सने यावर आपल्या वागण्यातही बदल केले आहेत. डीमेसेजमध्ये ‘रीड/६४’ असं जे दिसतं, ते विंडोजसारखी ६४ बाइटची पहिली मागणी करायच्या पद्धतीतून आलेलं आहे.

म्हणून तुलना फार कामाची. विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा, उपकरण त्याला थेट देऊन टाका आणि बाहेर लिनक्सवर यूएसबीमॉनने ऐका. बनवणाऱ्याचा मूळ ड्रायव्हर काय बोलतो ते त्याच वायरशार्कमध्ये दिसेल. एका वेळी एकच गोष्ट करा: एक बटण दाबा, नोंद थांबवा, फाईलला नाव द्या. सगळं एकदम करून केलेली नोंद दुसऱ्या दिवशी तुम्हालाही कळत नाही.

पॅच लिहिताना

समजा तुमचा सेल्युलर मॉडेम आहे आणि तो ऑप्शन या सिरियल ड्रायव्हरच्या यादीत नाही. नव्या मॉडेमचे आयडी सतत वाढत असतात, त्यामुळे सुरुवात करायला ही जागा उत्तम. पण इथे नुसता आयडी टाकून भागत नाही.

असा मॉडेम एकाच केबलवर पाच-सहा इंटरफेस घेऊन येतो. एक निदानासाठी, एक जीपीएसचा, एक-दोन एटी कमांडसाठी (मॉडेमला हुकूम देण्याची भाषा), एक नेटवर्कचा आणि कधीकधी एक अँड्रॉइडच्या एडीबी या डीबगिंगच्या साधनाचा. बहुतेकांचा वर्ग एफएफच. ऑप्शनने सिरियल इंटरफेस घ्यायचे, नेटवर्कचा क्यूएमआय-डब्ल्यूवॅनसारख्या ड्रायव्हरला सोडायचा आणि एडीबीचा कुणीच घ्यायचा नाही, कारण तो एडीबी प्रोग्रॅम स्वतः उघडतो. एडीबी ओळखायला सोपा: वर्ग एफएफ, उपवर्ग ४२, प्रोटोकॉल ०१. बाकी इंटरफेसांसाठी प्रत्येक सिरियल पोर्ट उघडून एटी लिहून पाहा. ओके आलं तर तो एटीचा. सतत डॉलर चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी येत असतील तर जीपीएसचा. ड्रायव्हरच्या यादीत जे इंटरफेस सोडायचे ते आरएसव्हीडी या मॅक्रोने राखून ठेवता येतात, किंवा वर्ग-उपवर्ग-प्रोटोकॉल जुळवणारे मॅक्रो वापरून नेमके हवे तेवढेच पकडता येतात. कुठला प्रकार वापरायचा हे त्याच कंपनीच्या आधीच्या मॉडेमची नोंद पाहून ठरवा. गिट लॉग (कोडमधल्या बदलांचा इतिहास दाखवणारी कमांड) त्या एकाच फाईलवर चालवा आणि आधीचे पॅच वाचा. त्यांच्यासारखं मार्गदर्शन दुसरीकडे मिळणार नाही.

क्वर्क असेल तर फाईल वेगळी. सर्वसाधारण क्वर्क यूएसबीच्या कोअर फोल्डरातल्या क्वर्क्स फाईलमध्ये, डिस्कचे स्टोरेज फोल्डरातल्या अनयूज्वल-डेव्हज आणि अनयूज्वल-यूएएस या फाईलींत, कीबोर्ड-माउसचे एचआयडीच्या फोल्डरात. या याद्या आयडीच्या क्रमाने असतात. आपली ओळ योग्य जागी घाला, शेवटी चिकटवू नका.

कर्नल बांधताना मेक लोकलमॉडकॉन्फिग वापरलं तर फक्त लोड असलेली मॉड्यूल्स निवडली जातात आणि बराच वेळ वाचतो. ते चालवताना तुमचं उपकरण जोडलेलं आणि त्याचा ड्रायव्हर लोड केलेला असू द्या, नाहीतर नेमका तोच गळतो. नव्या कर्नलवर तपासताना उपकरण नुसतं जोडून ‘चालतंय’ म्हणू नका. मशीन झोपवून उठवा. डेटा वाहत असताना केबल उपटा. उपकरण जोडलेलं ठेवून थंड मशीन सुरू करा. यूएसबीमधले बरेचसे बिघाड या तीन प्रसंगांत उघडे पडतात.

कमिटच्या, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाच्या, पहिल्या ओळीची पद्धत ठरलेली आहे: आधी यूएसबी, मग उपविभाग, मग ड्रायव्हर, मग काय केलं ते. खाली साध्या वाक्यांत लिहा की उपकरण कुठलं, काय होत होतं, काय बदललं. सिरियल मॉडेमच्या पॅचमध्ये यूएसबी-डिव्हायसेस या कमांडचं आउटपुट जोडायचं असतं आणि कुठला इंटरफेस कशासाठी आहे हेही लिहायचं असतं. हा भाग काळजीपूर्वक लिहा. मेंटेनरकडे, म्हणजे कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्याकडे, ते उपकरण नाही. त्याला जे दिसणार ते एवढंच. शेवटी साइन्ड-ऑफ-बाय आणि तुमचं नाव. ती ओळ २००४पासून चालत आलेली आहे. हा कोड देण्याचा आपल्याला हक्क आहे असं तुम्ही त्यातून जाहीर करता.

नवे आयडी आणि क्वर्क स्टेबल कर्नलमध्येही, म्हणजे आधीच प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्यांच्या दुरुस्त्यांतही, घेतले जातात. तिथे जावं असं वाटत असेल तर स्टेबलच्या पत्त्याची सीसी ओळ कमिटमध्येच घाला. तिच्यामुळे तुमची एक ओळ जुन्या दीर्घमुदतीच्या कर्नलांत जाते आणि तिथून उबुंटूसारख्या वितरणांमार्फत नेहमीच्या अपडेटबरोबर लोकांपर्यंत पोचते.

पाठवणं आणि त्यानंतर

चेकपॅच चालवून मांडणीतल्या चुका काढा. गेट-मेंटेनर ही स्क्रिप्ट पॅच कुणाला पाठवायचा ते सांगते: यूएसबीचा एकूण विभाग ग्रेग क्रोआ-हार्टमन सांभाळतात, त्याखाली सिरियल, स्टोरेज यांचे वेगळे मेंटेनर आहेत. पॅच गिट सेंड-ईमेलने साध्या मजकुरात पाठवा. जोडपत्र किंवा सजवलेला मेल नको; त्यात टॅबच्या जागा बदलतात आणि पॅच लागतच नाही. आधी स्वतःला पाठवून, आलेल्या मेलमधून पॅच लावून पाहा.

उत्तर एका ओळीचं आणि कोरडं येऊ शकतं. ते मनाला लावून घेऊ नका, रोज ढीगभर पॅच वाचणाऱ्या माणसाची ती भाषा आहे. सुचवलेला बदल करा, व्ही२ असं लिहून पुन्हा पाठवा आणि काय बदललं ते तीन डॅशच्या रेघेखाली नोंदवा. मुद्दा पटला नसेल तर तुमच्या नोंदी दाखवून तसं सांगा. उपकरण तुमच्याकडे आहे, त्यामुळे तुमच्या निरीक्षणाला वजन आहे. काहीच उत्तर आलं नाही तर दोनेक आठवडे थांबून सौम्य आठवण करून द्या. मर्ज विंडो (पुढच्या आवृत्तीसाठी बदल गोळा करायचा काळ) चालू असेल तर आणखी थोडं थांबा.

कर्नलमध्ये हात घालायची गरज नसलेलंही पुष्कळ काम आहे. स्कॅनर सेन प्रकल्पातून चालतात, कॅमेरे लिबजीफोटो२मधून, आणि लिबयूएसबी वापरून वर्ग एफएफच्या अनेक उपकरणांसाठी साध्या प्रोग्रॅममधूनच ड्रायव्हर लिहिता येतो. चुकलं तर प्रोग्रॅम बंद पडतो, मशीन नाही. शिकायला म्हणूनही ते बरं. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर असाल तर तिथेही विचार हाच: आयडींची यादी यूएसबीडेव्हज फाईलमध्ये, आणि यूएसबीकॉन्फिग या कमांडने क्वर्क चालू मशीनवर लावून पाहता येतो.

आता जुन्या कर्नलवर चालणाऱ्या उपकरणाबद्दल. नव्या कर्नलवर ते बंद पडलं असेल तर क्वर्क शोधत बसू नका. याला रिग्रेशन म्हणतात, आणि आधी चालणारी गोष्ट बिघडवायची नाही हा कर्नलचा पक्का नियम आहे. चालणारी आवृत्ती आणि बंद पडलेली आवृत्ती गिट बायसेक्टला द्या. तो मधली कमिट निवडून देईल. तुम्ही बांधायची, उपकरण लावायचं, ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ सांगायचं. दर वेळी उरलेला पल्ला निम्मा होतो, त्यामुळे दहा हजार कमिट असल्या तरी साधारण चौदा फेऱ्यांत दोषी कमिट हाती लागते. मेलमध्ये त्या कमिटचा क्रमांक, दोन्ही कर्नलांवरचा पूर्ण डीमेसेज आणि ती कमिट उलटवल्यावर उपकरण चालतं का, हे लिहा. कमिट लिहिणाऱ्याला सीसी करा. तो बहुधा एखादा पॅच पाठवून ‘हा लावून पाहाल का’ असं विचारेल. तोवर ते मशीन आणि तेच उपकरण हाताशी असू द्या.